कोणासाठी मागितलंय?

१० मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतलं ते सांगितलं. लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांची बाजू मांडली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात माणसाची प्रतिष्ठा जपायची आहे.

अंबरपेठेतल्या आम्हां धर्मशिक्षकांना हा प्रश्न मुलांच्या वह्यांत भेटतो. मिस्सासाठी भाविकांच्या प्रार्थना लिहून आणायला सांगितल्या, तर तीन वह्यांत एकच प्रार्थना, तीही अस्खलित मराठीत. (शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू!) फोनने लिहून दिलेली. चूक एकही नाही, पण कोणासाठी मागितलंय तेही नाही. मागणंही यंत्रानेच मागितलं, तर घरातलं दुखणं देवापुढे न्यायला मुलं शिकणार कधी?

चौथ्या वहीत एकच मोडकी ओळ होती: येशू, आजीला रात्री झोप लागू दे. रविवारी आम्ही त्या मुलीकडून तीच वाचून घेतली.