राहता पत्ता

एफआरबीच्या, म्हणजे आकाशातल्या क्षणिक रेडिओ स्फोटांच्या, धंद्यात आता सरळ दोन जाती पडल्या आहेत: स्फोट मोजणारे आणि स्फोटाची जागा हुडकणारे. मी मनाने अजून पहिल्या जातीतला. पडद्यावर वरच्या वारंवारितेकडून खालच्या वारंवारितेकडे घसरत येणारी ती तिरकी रेघ नुसत्या नजरेने ओळखायची, आकाशातला माल आणि मोबाइल टॉवरचा कचरा वेगळा काढायचा, यात एक मिजास असते. ती छाननी आता यंत्र करतं आणि बहुतेकदा आमच्यापेक्षा बरी करतं. हे गिळायला जड जातं. खरं तर नजरेचा फार तोरा मिरवण्यात अर्थही नाही, कारण पार्क्सच्या दुर्बिणीवर कित्येक वर्षं दिसलेले, एफआरबीसारखेच भासणारे ‘पेरिटॉन’ चालू मायक्रोवेव्हचं दार मध्येच उघडल्याने उमटत होते, हे २०१५ साली उघड झालं. पण छाननीतून डोळा सुटला की तो न सुटलेल्या प्रश्नाकडे वळतो. माझा वळतो तो एकाच स्रोताकडे, एफआरबी २०१८०९१६बी कडे.

दर १६.३५ दिवसांनी हा जागा होतो आणि त्या चक्रातले काहीच दिवस बोलतो. जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश आहेत. मुंबई-पुण्याच्या रेडिओ गोंगाटापासून डोंगरांच्या आडोशाला ही जागा निवडली, कारण अंधेरी-घाटकोपरच्या हवेत ही विद्या एक दिवस टिकली नसती. त्याच डिशनी, ५५० ते ७५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, २०२० साली या स्रोताचे १५ स्फोट पकडले. त्याचं घर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरची एक सर्पिल दीर्घिका. टीआयएफआरचे श्रीहर्ष तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी हबलने त्या घराचा कोपरान् कोपरा पाहिला आणि २०२१ साली एक अडचणीचा आकडा पुढे ठेवला: ताऱ्यांची जवळची जन्मभूमी स्रोतापासून सुमारे ८०० प्रकाशवर्षं दूर आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या नेहमीच्या वेगाने तेवढं अंतर कापायला आठ लाख ते सत्तर लाख वर्षं लागतात, आणि ज्याच्यावर या स्फोटांचा संशय आहे त्या मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, जोम साधारण दहा हजार वर्षांत ओसरतो. म्हणजे तिथून निघालेला मॅग्नेटार इथे पोचेपर्यंत केव्हाच थकलेला असायला हवा. हा मात्र ठणठणीत आहे.

यावर लगेच २८ एप्रिल २०२० ची आठवण दिली जाते. आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारने तेव्हा एफआरबीसारखा स्फोट केला, मग वाद कसला? वाद आहे. मॅग्नेटार हे करू शकतो एवढंच त्यातून सिद्ध झालं. तो मॅग्नेटार कसा जन्मला, हे त्याने सांगितलं नाही. बोरिवलीत भेटलेला माणूस बोरिवलीचाच असं धरून चालणाऱ्याने गिरगावच्या चाळी रिकाम्या कशा झाल्या हे पाहिलेलं नाही; स्रोताचा आम्ही म्हणतो तो ‘परिसर’ हा असाच राहता पत्ता आहे, जन्मस्थान नव्हे. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: तिथेच एखादा एकटा मोठा तारा जन्मून फुटला असेल. नाकारता येत नाही. पण हबलला त्या जागी ताज्या ताऱ्यांची चमक दिसली नाही, आणि प्रत्येक गैरसोयीच्या स्रोतासाठी एक भटका तारा उभा करायचा म्हटलं तर कोणताही सिद्धांत कधीच पडणार नाही. मला जोडीदाराची कल्पना अधिक पटते: न्यूट्रॉन तारा आणि त्याभोवती फिरणारा भारी तारा. अशा जोड्या लाखो वर्षं सहज जगतात, आणि १६ दिवसांचं चक्र म्हणजे त्यांची परिक्रमा ठरते. चक्रातलं बोलणं खालच्या वारंवारितांवर उशिरा सुरू होतं, हेही जोडीदाराच्या कल्पनेत बसवता येतं. सावकाश फिरणाऱ्या एकट्या मॅग्नेटारच्या कल्पनेतही बसतं, म्हणून निकाल मी देत नाही.

हायड्रोजन बघणाऱ्यांचा मात्र मला हेवा वाटतो. बलप्रीत कौर, निस्सीम काणेकर आणि झेवियर प्रोचास्का यांनी २०२२ साली खोडदच्याच डिशनी त्या दीर्घिकेतला वायू मोजला. ताऱ्यांच्या मानाने तो भरमसाट निघाला आणि अलीकडे झालेल्या विलीनीकरणाच्या खुणाही दिसल्या. सुंदर काम आहे. पण त्यातून वाड्याचा इतिहास कळतो, भाडेकरूचा नाही.

तरुण मॅग्नेटारवाल्यांना खरा धक्का दिला तो २०२२ मध्ये एम८१ या दीर्घिकेने. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे आमच्या हिशेबात शेजारच्या गल्लीत, पुन्हापुन्हा बोलणारा स्रोत सापडला तो गोलाकार तारकागुच्छात, जिथे भारी तारे अब्जावधी वर्षांपूर्वीच संपलेत. तिथे श्वेतबटूंच्या विलीनीकरणातून किंवा कोसळण्यातून मॅग्नेटार घडवावा लागतो. याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की अपवाद इतका जवळ कसा सापडतो? दुर्मीळ गोष्ट दारात भेटली तर ती बहुधा दुर्मीळ नसते. मंद असल्यामुळे दूरची दिसत नसते.

कॅनडाच्या चाइम दुर्बिणीने स्फोटांची रास घातली, तेव्हा आम्ही आकाशाचा अरुंद तुकडा न्याहाळणारे नाक मुरडून म्हणायचो, पत्ते कुठे आहेत? आता त्यांनी दूरवर जोडदुर्बिणी उभारून पत्तेही काढायला घेतले आणि आमचा तो टोमणाही गेला. १६ मार्च २०२५ च्या स्फोटाची जागा त्यांनी एनजीसी ४१४१ मध्ये काही डझन प्रकाशवर्षांइतक्या नेमकेपणाने लावली. जेम्स वेबने तिथे अवरक्त प्रकाशाचा एक फिकट ठिपकाही दाखवला. आणि स्फोट पुन्हा तारे जन्मतात त्या ढगाच्या मधोमध नाही, जरा बाजूला.