बाटल्यांची समुद्रयात्रा

कांहीं वेडें अशीं असतात कीं, शहाण्या माणसालाहि त्यांचा हेवा वाटावा. १९४७ सालीं थोर हेयरडाल बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर बसून पेरूहून पॅसिफिक महासागरांत शिरला, तें असेंच एक वेड. त्याच्या ‘कॉन-टिकी’वरून नांव घेऊन २०१० सालीं ‘प्लॅस्टिकी’ नांवाची साठ फुटी नौका सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि चार महिन्यांनीं सिडनीला पोंचली. तिला तरंगत ठेवीत होत्या सुमारें १२,५०० रिकाम्या बाटल्या! प्रत्येक बाटलींत थोडा सुका बर्फ घालून बूच लावलें. बर्फाचा वायु झाला आणि बाटली आंतून टणक झाली. सांधावयाचा डिंक म्हणे काजू व ऊंस यांपासून केलेला. काजूचें नांव वाचून माझ्यांतील कोंकण्या उगीचच सुखावला.

पण खरें सांगावयाचें तर, रॉथ्सचाइल्डसारख्या सावकारी घराण्यांतील तरुणाच्या या धाडसांत मला थोडें नाटकहि दिसतें. माझें मन अधिक रमतें तें केनियांतील लामू बेटावर. लाकडाचीं गलबतें बांधण्यांत मुरलेल्या तेथील सुतारांनीं सुमारें दहा टन टाकाऊ प्लॅस्टिक वितळवून त्याचाच कणा आणि त्याच्याच फळ्या केल्या. वर टाकलेल्या रबरी चपलांचें रंगीबेरंगी कातडें चढविलें. हें ‘फ्लिपफ्लॉपी’ गलबत २०१९ सालीं झांजीबारपर्यंत पांचशें किलोमीटर गेलें.

हे सुतार कचऱ्याच्या शेवटच्या मुक्कामीं उभे आहेत. आम्ही त्याच्या उगमाशीं. पालेगांवाहून समुद्र दिसत नाहीं खरा, पण शके ९८२ च्या शिवालयाजवळून वाहणारी अंबरनाथची वालधुनी उल्हासनगरांतून कल्याणच्या खाडीला मिळते. शिवछत्रपतींच्या आरमाराचीं पहिलीं गलबतें याच कल्याण-भिवंडीच्या खाडींत बांधलीं गेलीं. आज तेथें आम्ही काय पाठवितों? पहिल्या मोठ्या पावसांत पुलावर उभें राहून पाहावें. बाटल्या, चपला, थर्माकोलचे तुकडे. कोणाला शीड नाहीं, नाखवा नाहीं, तरी सारीं निमूटपणें समुद्राच्या वाटेला लागलेलीं! आमच्या पणजोबांच्या पिढींत परदेशाहून येणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावें लागे. या प्रवाशांना मात्र कोणी हटकीत नाहीं.

परवां शेजारच्या मुलानें विचारलें, “काका, यांतली एखादी बाटली आफ्रिकेला पोंचेल का हो?”

मीं म्हटलें, “आतां नाहीं. दिवाळीनंतर वारा ईशान्येचा होतो. जुनीं गलबतें तेव्हांच तिकडे जात.”

तो बोटांवर महिने मोजूं लागला.