मायामीचें आकाश

मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर मी निरभ्र आकाश पाहत उभा होतों. डोळ्यांतील पारदर्शक गर बारीक छिद्रांतून काढण्याची शस्त्रक्रिया १९७० सालीं याच नगरींत रॉबर्ट माखेमर यांनीं प्रथम केली. त्याच उपायानें माझ्या दृष्टीपुढें तरंगणारीं काळीं जाळीं आठ वर्षांपूर्वीं नाहींशीं झालीं. परंतु दोन वर्षांतच मोतीबिंदु होऊन पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. डोळ्यामागचा पडदा सुटण्याचें भय तर अद्यापि आहेच.

इतक्यांत आकाशांत एक काळा ठिपका दिसला. छातींत धस्स झालें! नजर बाजूला वळविली. ठिपका नजरेबरोबर आला नाहीं. तो समुद्रपक्षी होता. वाचकहो, पक्षी हा केवळ पक्षीच असावा, यांत केवढें समाधान आहे!