नव्या गाड्या, जुनी बैठक

चारशे सीसीची कोरी गाडी घेतलेला माणूस सिग्नलला कसा थांबतो, एवढं पाहिलं की मला त्याचा पूर्वेतिहास कळतो. पन्नास फूट आधीच क्लच दाबलेला, गाडी आपली वाहत येते आहे, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, पुढच्या ब्रेकवर एकही बोट नाही आणि शेवटच्या दहा फुटांत दोन्ही पाय वल्ह्यासारखे खाली सोडलेले. हा माणूस स्प्लेंडरवर शिकला, किंवा त्याला ज्यानं शिकवलं तो स्प्लेंडरवर शिकला. बुडाखाली मात्र चाकणला बनलेली ट्रायम्फ आहे, चाळीस अश्वशक्तीची.

शनिवार-रविवार मी पुण्यात गाडी चालवायला शिकवतो. ज्यांना गाडी येतेच त्यांना शिकवतो, त्यामुळे धंदा अवघड आहे. बाकीचे दिवस नव्या गाड्या चालवून त्यांच्यावर लिहितो. या दोन कामांच्या मध्ये उभं राहून एक गोष्ट स्पष्ट दिसते: चाळीस वर्षांत आपल्याकडची मोटारसायकल तीन-चार वेळा मुळापासून बदलली, आपण तिच्यावर बसतो कसे ते फारसं बदललं नाही.

पूर्वी गाडीच माणूस घडवायची. येझदीची किक आणि गिअर ही एकच दांडी. किक मारायची, ती पुढे वळवायची, की तोच गिअर. बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत. बुलेटवाला मित्राची हिरो होंडा चालवायला घ्यायचा आणि गिअर बदलायला जाऊन ब्रेक दाबायचा. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० नं वेगळेच रायडर तयार केले. शंभर किलोच्या आसपास वजन, अकरा अश्वशक्ती आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिन ब्रेक जवळजवळ नाहीच. रेस सोडली तरी गाडी पळतच राहायची. आरएक्सवर घाट उतरलेल्या माणसाला ब्रेकचा अंदाज पक्का असतो, तो आजही ओळखू येतो. त्याच वर्षी आलेल्या सीडी १०० नं आणि पुढे तिच्याच इंजिनाच्या घराण्यातल्या स्प्लेंडरनं मात्र देशाला सरळ पाठीनं बसून अ‍ॅव्हरेज काढायला शिकवलं. त्यात वाईट काही नाही. देश त्यावरच कामाला गेला.

पण ब्रेकची सवय तिथंच बिघडली. त्या गाड्यांना पुढे वायरवर चालणारा ड्रम ब्रेक. वायर सैल पडलेली, लायनर झिजलेले, दांडी मुठीला टेकेपर्यंत दाबली तरी गाडी विचार करून थांबणार. १९८३ साली एस्कॉर्ट्सनं राजदूत ३५० आणली, तेव्हा तिच्या जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क होती. आपल्याकडे मात्र ड्रम लावून दिला. तीसेक अश्वशक्ती आणि पुढे ड्रम! त्यातून घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एक मंत्र दिला: पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील. १९९९ ला सीबीझेड पुढची डिस्क घेऊन आली, २००१ ला पल्सर आली, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. मंत्र जागच्या जागी.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं. पुढचा फोर्क दबतो, टायर रस्त्यावर जास्त चेपला जातो आणि त्याची पकड वाढते. त्याच वेळी मागचं चाक हलकं होत जातं. म्हणजे जोरात थांबायचं असेल तेव्हा थांबवण्याचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम पुढचंच चाक करू शकतं. मागच्यावर भर दिला तर ते घसरतं, एबीएस असेल तर पायाखाली नुसतं थडथडतं. अट एकच, दांडी झटक्यात ओढायची नाही. आधी हलकेच घ्यायची, फोर्क दबल्याचं हाताला कळलं की मग दाब वाढवत न्यायचा. लिंबू पिळणारी माणसं हे पटकन शिकतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा लवकर शिकतात. त्यांना तो मंत्र कुणी दिलेला नसतो, कारण गाडीच दिलेली नसते. मैदानावर चाळीसच्या वेगातून आधी फक्त मागच्या ब्रेकनं आणि नंतर दोन्ही ब्रेकनं थांबायला लावतो. दुसऱ्या वेळेला गाडी निम्म्या अंतरात उभी राहते आणि पंचवीस वर्षं गाडी चालवणारा गृहस्थ मागे वळून खडूची रेघ बघत बसतो.

वळण हा याहून नाजूक विषय. गाडी वळते कशी, हे बहुतेकांना सांगता येत नाही, आणि ही गोष्ट आजची नाही. विमानवाल्या विल्बर राइटचं सायकलचं दुकान होतं. त्यानं अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं की तुम्ही डावीकडे वळताना नेमकं काय करता. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, हँडल डावीकडे वळवतो. प्रत्यक्षात ते आधी क्षणभर उजवीकडे वळवत होते. मोटारसायकलचंही तेच. साधारण वीसच्या वर वेग गेला की उजवीकडे जायला उजवी मूठ पुढे लोटावी लागते. चाक क्षणभर डावीकडे तोंड करतं, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात. हे मी तोंडानं सांगतो तेव्हा तुकडीतले निम्मे लोक शहाण्यासारखे मान हलवतात आणि एकाचाही विश्वास बसलेला नसतो. मग तीसच्या वेगात सरळ जाताना उजवा तळहात उघडा ठेवून मूठ हलकेच पुढे ढकलायला सांगतो. गाडी उजवीकडे कलते. पुढचा अर्धा तास कुणी काही बोलत नाही, सगळे मैदानावर नागमोडी फिरत असतात.

हे सगळं न कळताही माणूस वर्षानुवर्षं गाडी चालवू शकतो, कारण शरीर आपोआप थोडं करतच असतं. घोटाळा होतो तो वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं की. चाळीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या, आपल्या घाटात ठिकठिकाणी सापडेल. चाळीसच्या वेगात तिथं गाडी साधारण अठरा अंश कलवावी लागते, साठच्या वेगात पस्तीस. वेग दीडपट झाला, कल दुप्पट. अठरा अंश सगळ्यांना जमतात. पस्तीस अंशांना डोकं सांगतं की आता पडलो. मग हात आवळतात, रेस सुटते, नजर समोरच्या कठड्यावर खिळते, आणि जिथं नजर तिथं गाडी. टायरमध्ये अजून दम असतो, गाडीही अजून कलली असती. कमी पडतो तो आतल्या मुठीला द्यायचा एक रेटा.

यूट्यूबवर पाहून आलेली मुलं रेसिंग लाइनच्या गोष्टी करतात: बाहेरून आत, आतून बाहेर. ट्रॅकवर ते बरोबर आहे, तिथं समोरून एसटी येत नाही. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात उजव्या वळणावर मधल्या पट्ट्यालगत राहून गाडी कलवली, तर चाकं आपल्या बाजूला आणि डोकं समोरच्याच्या बाजूला जातं. म्हणून उजव्या वळणाला, पलीकडचा रस्ता उघडा दिसेपर्यंत, आपल्या लेनच्या डाव्या भागातच राहायचं. डाव्या वळणाला थोडं मधल्या बाजूनं शिरायचं, एक डोळा समोरच्या वाहनावर ठेवून, कारण आतल्या कडेला खडी असते. पावसाळ्यात दरडीचा लाल चिखल वाहून तिथंच येतो, आंबोलीसारख्या ठिकाणी झाडांखालचं शेवाळही तिथंच. घाटातली लाइन म्हणजे जास्तीत जास्त लांबचं दिसेल ती, जलद जाईल ती नव्हे.

आता गुडघा टेकवण्याबद्दल. वळणात अंग आतल्या बाजूला काढलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी कलवावी लागते, हे खरं शास्त्र आहे. सत्तरच्या दशकात फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यांनी ही बैठक ट्रॅकवर रुळवली. मार्क मार्केझच्या पिढीनं कोपर टेकवेपर्यंत ती नेली. मोटोजीपीत गाडी साठ अंशांच्या पलीकडे कलते, तिथं प्रत्येक अंशाला किंमत असते. लवासाच्या रस्त्यावर रविवारी सकाळी ड्यूकवर बसून गुडघा बाहेर काढणाऱ्या मुलाला तेवढी गरज नसते. गंमत म्हणजे त्याची गाडी त्या घराण्यातली नाहीच. १९९४ साली केटीएमनं पहिली ड्यूक काढली, ती ६२० ड्यूक, आणि तिचा बाज सुपरमोटोचा होता. रुंद हँडल, उभी बैठक. सुपरमोटोत रायडर आत लटकत नाही. स्वतः सरळ राहतो आणि गाडी आपल्या खाली दाबतो. २०१२ साली चाकणहून २०० ड्यूक निघाली तेव्हापासून मी या गाड्या चालवतो आहे, आणि आवळ, खड्ड्यांच्या, आंधळ्या वळणांवर त्यांना हीच पद्धत मानवते. रुंद हँडल ही चांगली लांब तरफ आहे, जरा ढकललं की गाडी पडते आणि जरा ओढलं की उठते. डोकं उभंच असल्यामुळे पुढचा रस्ता दिसत राहतो. आर१५ सारख्या खाली वाकवणाऱ्या गाडीवर मात्र मी छाती आणि हनुवटी आतल्या आरशाच्या रेषेत नेतो, बूड सीटवर ठेवूनच. रस्त्यावर तेवढं पुष्कळ झालं.

तिसरी बैठक म्हणजे उभं राहणं, आणि ती आपल्याकडे खरोखर नवी आहे. २०१६ ला हिमालयन आली, २०१९ ला एक्सपल्स, आणि उंच गाड्यांची लाट सुरू झाली. या गाड्यांवर पेट्या लावून, त्या पेट्यांवर लडाखचे स्टिकर लावून पुण्यातून लोणावळ्याला जाणारे खूप. त्यांची चेष्टा करायची मला इच्छा नाही, गाडी ज्याची त्याची. पण खडकाळ रस्ता आला की ते सीटवर घट्ट बसतात, हँडल आवळून धरतात, आणि दोनशे मिलिमीटर सस्पेन्शनच्या गाडीवरही कंबर मोडून घेतात. फूटपेगवर उभं राहिलं की रायडरचं वजन सीटऐवजी पेगवर जातं, गुडघे आणि कंबर दुसरं सस्पेन्शन होतात, गाडी खाली हवी तशी नाचू शकते. टाकी गुडघ्यांनी धरायची, हात ढिले. हँडल इतकं हलकं धरायचं की बोटं पियानो वाजवू शकतील. शिकायला यासाठी माझी पसंती एक्सपल्सलाच. एकशेसाठच्या आतबाहेर वजन, ताकद बेताची, आडवी झाली तर एकट्यानं उचलता येते. साडेचारशेची नवी हिमालयन कितीतरी पुढची गाडी आहे, चाळीस अश्वशक्ती, पाण्यानं थंड होणारं इंजिन. पण १९६ किलो उताराच्या वाळूत शिकाऊ माणसाच्या अंगावर येतात.

उंचीची धास्ती मात्र अनाठायी. सव्वाआठशे मिलिमीटरची सीट पाहून पाच फूट दोन इंचांची मुलगी नाही म्हणते. दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. थांबताना बूड थोडं डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा पाय ब्रेकवर. ज्यांना सिग्नलला दोन्ही पाय सोडून यायची सवय आहे त्यांनाच हे जड जातं.

इलेक्ट्रॉनिक्सनं बरंच सांभाळून घेतलंय, हे मान्य करायलाच हवं. घाईत दोन गिअर खाली टाकले की पूर्वी मागचं चाक घसरायचं, आता स्लिपर क्लच मधल्या मध्ये घसरून झटका खाऊन टाकतो. साधं एबीएस फक्त चाकांचे वेग बघतं. कॉर्नरिंग एबीएसमध्ये गाडी किती कलली आहे हेही सेन्सर सांगतो आणि टायरची पकड वळण्यात किती खर्च झाली आहे ते धरून ब्रेकचा दाब ठरतो. ३९० ड्यूकमध्ये ते आहे, टीव्हीएसच्या आपाचे आरटीआर ३१० वरही घेता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला, त्यामुळे ही ३१२ सीसीची आपाचे मी हल्ली जरा जास्तच जणांना सुचवतो. पण वळायचा हुकूम यातलं कुठलंच यंत्र देत नाही. तो मुठीतूनच जातो.

विजेच्या गाड्यांनी नवाच पेच टाकलाय. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ-७७ ला क्लच नाही, गिअर नाही. डावा हात आणि डावा पाय बेकार. सगळी ताकद पहिल्या क्षणापासून हजर, इंजिनाचा आवाज नाही, म्हणून वेगाचा अंदाज कानाला येत नाही. घाट उतरताना ती फार छान वाटते, रेस सोडली की मोटरच गाडीला आवरते आणि ती वीज परत बॅटरीत जाते. पंचाईत होते ती अरुंद रस्त्यात यू-टर्न मारताना. पेट्रोलच्या गाडीवर आपण अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. इथं तो आधारच नाही आणि दोनशे किलोंच्या आसपासची गाडी पायाखाली डुगडुगते. त्यावर उपाय एकच सापडला: थोडी रेस धरून ठेवायची आणि मागच्या ब्रेकवर पाय हलकाच टेकवून तिला ओढून धरायचं. ज्या उजव्या पायाला मी आयुष्यभर आवर म्हणत आलो त्याच्याकडूनच आता हे करून घ्यावं लागणार आहे. पुढच्या तुकडीसाठी एक विजेची गाडी भाड्यानं ठरवली आहे. मैदानावर आठाच्या आकड्याचे कोन किती अंतरावर ठेवायचे, ते अजून ठरायचंय.