पानगृहातील एक दुपार

टिम मार्टिन यांनी १९७९ साली लंडनच्या मझवेल हिल भागात आरंभिलेल्या वेदरस्पून या स्वस्त पानगृहांच्या मालिकेतील एका शाखेत आजची दुपार घालविली. पूर्वी पेढी असलेल्या त्या इमारतीत, जेथे एकेकाळी कर्जदार अदबीने तिष्ठत असतील, तेथे आता निवृत्त कामगार, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि विद्यार्थी, कोणाच्याही परवानगीवाचून, एका पेल्याच्या किंवा पुनःपुन्हा भरून घेता येणाऱ्या कॉफीच्या आधारावर निवांत बसले होते. बहुतेक शाखांत संगीत वर्ज्य. त्यामुळे कोलाहल केवळ माणसांचा, आणि तो मला तरी सुसह्य वाटतो. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली वर्णिलेल्या काल्पनिक आदर्श पानगृहाचे ‘द मून अंडर वॉटर’ हे नाव या मालिकेने आपल्या काही शाखांना बहाल केले खरे. परंतु त्याच्या पानगृहातील सेविका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखत, आणि येथे भ्रमणध्वनीत मेजाचा क्रमांक टाकला की पेला मुकाट्याने हजर होतो! गालिचा मात्र प्रत्येक शाखेसाठी निराळा विणवून घेण्याचा रिवाज आहे. आजचा तर इतका भडक होता की त्यावर सांडलेले मद्य शोधूनही सापडू नये.