इंजिन खोलण्यापूर्वी

संत्र्याचा बहार यायला ताण द्यावा लागतो, खत लागतं, वेळेवर पाणी लागतं. सल्ल्याचं तसं नाही. मोर्शीत सल्ल्याला नुसतं उघडं बॉनेट पुरतं. आमच्या सुमोचं बॉनेट गेल्या हिवाळ्यात उघडलं ते मिटेपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढ्यात गल्लीतल्या, बाजारातल्या नि तहसील कचेरीतल्या मिळून सतरा जणांनी आत डोकावून आपापलं मत दिलं. यात नवल नाही. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढं आमच्याकडच्या विहिरी-विहिरींवर इंजिनं धडधडू लागली. नंतर वीज आली, इंजिनं गोठ्यात जाऊन पडली, पण ज्यानं एकदा हँडल मारलं तो जन्माचा इंजिनतज्ज्ञ झाला.

गाडी १९९९ ची. सुमो १९९४ साली बाजारात आली. सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावावरून तिचं नाव बेतलेलं आहे; आमचे वकीलसाहेब अजून ते जपानी पहिलवानावरून आहे असं समजतात, आणि वकिलांना कोण समजावणार? २०१९ साली सुमो निघायची बंद झाली. आमच्या गाडीचा काटा चार लाख बारा हजार किलोमीटर दाखवत होता, त्यात मीटरची केबल दोनदा तुटली तो काळ धरलेला नाही. चंद्र इथून सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे गाडी चंद्राला हात लावून परतीला लागली होती, आणि तेही बहुतांशी अमरावतीच्या रस्त्यानं! एवढं चालल्यावर इंजिन दमलं तर त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही.

दमल्याची लक्षणं अशी. मागून निळा धूर निघे. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल संपे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं म्हणे; आमचं आता इंजिन-ऑइलवर चालू लागलं होतं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण मिस्त्रींनी काढलं, तर आतून चुलीवरच्या किटलीसारख्या वाफा. "बॅक कॉम्प्रेशन हाये, सर," मिस्त्री म्हणाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबून दाबून विसाव्या हिश्श्यावर आणतो, त्यानं ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. रिंगा झिजल्या की हवा कडेनं निसटते, सोबत ऊबही जाते, आणि थंडीच्या दिवसांत इंजिन अंथरुणातून उठत नाही.

इथवर सगळी गंमतच होती. मग जानेवारीत एका रात्री तीन वाजता शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्या गल्लीत रात्रीचा दवाखाना म्हणजे आमची सुमो, असा पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. बाळंतिणी, विंचू चावलेले, झाडावरून पडलेले, सगळे तिच्या मागच्या बाकांवरून अमरावतीला गेलेत. त्या रात्री सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, इंजिन काही उठेना. शेवटी नऊ माणसं बनियनवर निघाली, देवळाच्या उतारापर्यंत गाडी ढकलत नेली, तेव्हा कुठं ते खोकत पेटलं. आत आजोबा घामानं भिजलेले, सूनबाई त्यांचा हात धरून गप्प बसलेली. त्या पंचावन्न किलोमीटरांत मी काट्याकडं एकदाही पाहिलं नाही. वेळेवर पोचलो. आजोबा आज ठणठणीत आहेत आणि सतरा सल्लागारांतले अठरावे आहेत.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न ऐरणीवर आला. वकीलसाहेबांचं मत, भंगारात द्या. "साठ हजारांच्या गाडीत सत्तर हजारांचं इंजिनकाम? सर, तुम्ही गणित शिकवत होतात ना?" एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून तर हिशेब कळतो. साठ हजार ही गाडीची किंमत दुसरा कोणी देईल ती. मला ती विकायचीच नव्हती. दहा माणसं बसतील आणि रात्री तीनला निघेल अशी दुसरी गाडी घ्यायची तर दहा लाखांच्या वर, म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या आसपास हप्ता, आणि संत्र्याचा भाव हप्त्याची तारीख पाहून ठरत नाही. आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२४ साली पाच हजार भरून २०२९ पर्यंत वाढवलेलं. इंजिनाचे सत्तर हजार तेवढ्या महिन्यांवर पसरले तर महिना दोन हजारांच्या आतबाहेर पडतात.

एका कंत्राटदार मित्रानं मधला मार्ग काढला: नागपुरातून जुनं इंजिन आणायचं, पंचेचाळीस हजारांत. "दिल्लीकडचं आहे, कमी चाललेलं." हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली होती, त्यामुळे तिकडचा माल म्हटलं की ऐकणारा लगेच विश्वास ठेवतो. आमच्याकडे दहाव्या वर्षी गाडीला नुसती मिसरूड फुटते. शिवाय इंजिन बदललं की आरसी बुकात नंबर चढवायला आरटीओच्या पायऱ्या झिजवणं आलं. मिस्त्रींनी मान हलवली. "दुसरं टाकसान त थेबी जुनंच राहीन, सर. कोणाचं, कसं चालवलं, थे ना तुमाले मालूम ना मले. हे मी वळखतो."

तेवढ्यात आमच्या सौ. चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "मिस्त्रीभाऊ, इंजिन केलं तर मागचं दार लागेल का?"

मागचं दार सुतळीनं बांधलेलं असतं, हे सतरा जणांपैकी एकालाही दिसलं नव्हतं. प्रश्नातली मेख मला एकदम कळली. शकुंतलेचं आठवून पाहा. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी सत्तर वर्षांहून जास्त वाफेच्या इंजिनावर चालली. १९९४ साली डिझेल इंजिन लागलं, पण रूळ तेच राहिले, वेगही बैलगाडीच्या भावकीतला राहिला आणि पुढं ती गाडीच थांबली. मिस्त्रींनी पोराला गाडीखाली घातलं, चॅसिसवर हातोडी टकटक करून आवाज ऐकला. खणखणीत. पत्रा मात्र दोन ठिकाणी गळालेला. सौ. म्हणाल्या, "आधी दार आणि पत्रा. मग इंजिन खोला. आत तडा-बिडा असला तर तिथंच थांबा, मला सांगा."

खोललं तेव्हा बघायला नऊजण होते. ब्लॉकला तडा नव्हता. क्रँक एकदाही ग्राइंड झालेली नव्हती, म्हणजे अजून एक जन्म शिल्लक होता. ब्लॉक अमरावतीला मशीनवर गेला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी आली. नोझल तपासून झाले. सगळं मिळून एकाहत्तर हजार चारशे. चारशे चहाचे, असं मिस्त्री म्हणतात.

पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, असा हुकूम होता. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेला दहाजण घेऊन निघालो तेव्हा सायकलवाले आम्हाला घंटी वाजवून पुढं जात होते. मागचं दार मात्र लागतं, आणि असं लागतं की उघडायला दोन माणसं लागतात.

जुने चार पिस्टन मिस्त्रींनी पिशवीत घालून दिले. एक स्वतःच विडीची राख झाडायला परत मागून घेतला. दोन आमच्या घरी विजेच्या बिलांवर ठेवलेत. चौथा वकीलसाहेब घेऊन गेले. कशाला, ते अजून सांगत नाहीत.