पायलट एक, कर्जदार सहा

यंदा १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीत विहारासमोर एक फ्लेक्स लागला. आमच्या धाकट्या भावाचा फोटो, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे विमान आणि वर मोठ्या अक्षरांत 'समाजाचा अभिमान'. फ्लेक्स पोरांनी वर्गणी काढून लावला होता, त्यांच्या भावनेबद्दल आमची काही तक्रार नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे पालक येऊ लागले. बारावीला बसलेला मुलगा सोबत, हातात मार्कशीट आणि एकच प्रश्न: "पायलट व्हायला किती खर्च येतो?"

आकडा आम्ही सांगतो. तो ऐकून काही जण चहा अर्धा ठेवून उठतात. काही जण मात्र म्हणतात, "तुम्ही केलं ना? मग आम्हीपण करू." या दुसऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. कारण 'तुम्ही केलं' यातल्या 'तुम्ही'ची फोड अजून कुणी विचारलेली नाही.

आम्ही म्हणजे एक कुटुंब. बाबा एसटीत चालक होते, २०१६ ला निवृत्त झाले. आई घर सांभाळून शेतमजुरीला जायची. आम्ही दोघे थोरले भाऊ, एक शिक्षक आणि एक एमआयडीसीत सुपरवायझर. मग बहीण आणि शेवटी हा धाकटा. गाव बारामतीच्या जवळ. तिथल्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. इतर पोरांना त्यांचा आवाजही ऐकू येईनासा होतो, याला तो शेवटपर्यंत ऐकू येत राहिला.

२०१७ साली आम्ही ओसरीवर बसून हिशोब मांडला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित. त्याशिवाय डीजीसीएच्या परीक्षा असतात, नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येक पेपरला ७० टक्के म्हणजे पास. अभ्यासाची आम्हाला भीती नव्हती, अभ्यास आपल्या रक्तात आहे असे आम्ही सभांमध्ये छातीठोकपणे सांगतोच. प्रश्न ३८ लाखांचा होता. आज तोच परवाना ५० लाखांच्या पुढे गेला आहे.

आधी शिष्यवृत्ती पाहिली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तीस वर्षे स्टेअरिंग ओढून बाबांचा शेवटचा पगार जेमतेम त्या रेषेच्या वर गेलेला. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. परदेशात जाऊन विमान शिकायचे असेल तर त्या दारावर आपले नाव नाही. म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही शिष्यवृत्तीपुरते श्रीमंत होतो.

मग बँकेत गेलो. तिथे कळले की आम्ही कर्जापुरते गरीब आहोत. साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागते, त्यावर तारण लागते. साहेबांनी विचारले, "जमीन आहे का?" आहे ना. दीड एकर, चुलत्यांसह सामाईक. आम्ही सातबारा पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, एक ओळ वाचली आणि उतारा परत सरकवला. भोगवटादार वर्ग २.

ज्यांना ही भानगड माहीत नाही अशा तरुण मित्रांसाठी जरा थांबतो, कारण आमच्या मते सगळ्या गोष्टीची नाडी इथे आहे. आमची जमीन महार वतनाची. गावची पडेल ती कामे करायची, निरोप पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि त्याबदल्यात हा तुकडा. हे वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते आणि १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या. पण कशा? नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, परवानगी मिळाली तरी नजराणा भरा. शर्त जमीन वाचवण्यासाठी होती, हे आम्ही नाकारत नाही. तरीही अशा जमिनी कुलमुखत्यारपत्रावर कुणाकुणाच्या घशात गेल्या हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्यापुरता अर्थ एवढाच होता की शेजारच्या पाटलाच्या पोराचा दीड एकर बँकेत उभा राहतो आणि आमचा दीड एकर बँकेच्या दारात बसून राहतो. माती तीच, विहिरीचे पाणी तेच. आजोबांच्या आजोबाने गावची जी चाकरी केली, ती आम्हाला २०१७ साली कर्ज नाकारायला आली.

तेव्हा ३८ लाख असे उभे राहिले. बाबांचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १६ लाख. आम्हा दोघा भावांची वैयक्तिक कर्जे ९ लाख. साडेसात लाखांचे शैक्षणिक कर्ज, थोरला जामीनदार. पतसंस्थेचे साडेतीन लाख, ज्याचे व्याज आठवले की अजून पोटात गोळा येतो. आईचे दागिने २ लाख. बेरीज बरोबर येते, आम्ही ती बऱ्याच वेळा केली आहे.

बाबा एकदाच बोलले. "मी ट्रकवर क्लिनर राहून गाडी शिकलो. उस्तादानं शिव्या दिल्या, पण एक पैसा घेतला नाही. तुझे उस्ताद अडतीस लाख घेणार आणि नोकरीचं काय?" नोकरीचे कुणीच काही सांगत नव्हते. माहितीपत्रकात हसरे चेहरे होते.

ज्या संस्थेत त्याला घातले तिने फी टप्प्याटप्प्याने न घेता जवळजवळ सगळी आधी घेतली. ती आमची चूक, आम्ही दिली. दीड वर्षात संपेल म्हणालेले २०० तास पावणेतीन वर्षांत पुरे झाले. पावसाळ्यात उड्डाण नाही, विमान दुरुस्तीला गेले म्हणून उड्डाण नाही, प्रशिक्षक सोडून गेला म्हणून उड्डाण नाही. एका महिन्यात तो फक्त चार तास उडाला. पण कर्जाला पावसाळा नसतो, आमचा हप्ता एकही महिना जमिनीवर बसला नाही. तिथल्या मुलांमध्ये त्याला आडनाव विचारले गेले, मग 'कॅटेगरी' विचारली गेली, मग "तुला काय, तुमचा कोटा असेल" हेही ऐकवले गेले. कोटा कुठला? सरकारी एअर इंडियाच्या भरतीत राखीव जागा असायच्या. २७ जानेवारी २०२२ ला ती कंपनी खाजगी झाली आणि ते दार बंद झाले. खाजगी कॉकपिटपर्यंत कलम १६(४) पोचत नाही. जात मात्र पोचते. जून २०२५ मध्ये एका शिकाऊ वैमानिकाने वरिष्ठांनी जातीवरून अपमान केल्याची तक्रार पोलिसांत दिली. कंपनीने आरोप फेटाळले. खरेखोटे न्यायालय ठरवील, पण ती बातमी वाचल्यावर आमच्या घरात धक्का कुणालाच बसला नाही.

परवाना हातात आला जानेवारी २०२० मध्ये. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली होती. हजारो तास उडालेले वैमानिक बाजारात आणि आमचा २०० तासांचा गडी त्यांच्या मागे रांगेत. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. तीन वर्षे. या तीन वर्षांत त्याने कॉल सेंटर केले, डिलिव्हरी केली, बारावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. बेकार इंजिनिअर घरी बसला तर फुकट बसतो. बेकार पायलटला बेकार राहायलाही पैसे लागतात, कारण परवान्यावरची इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायची तर पुन्हा उडा, पुन्हा चाचणी द्या, वैद्यकीय तपासणी द्या. ते न केले तर आधीचे ३८ लाख कागदावर राहतात. वस्तीतले लोक थट्टेने त्याला 'कॅप्टन' म्हणायचे. तो हसायचा. आई त्या गल्लीने जायची बंद झाली.

२०२३ मध्ये भरती निघाली. पण परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस किंवा बोइंग, ज्या जातीचे विमान चालवायचे (विमानालाही जात असते, काय करणार!) त्याचे वेगळे टाइप रेटिंग लागते. ते आणखी १८ लाख. तोवर थोरल्याने स्वतःच्या नावावर घर घेण्याचा विचार सोडून दिला होता, म्हणून त्याची पत शिल्लक होती. ती वापरली. आज धाकटा सहवैमानिक आहे. पगार चांगला आहे, खोटे कशाला बोलू. हप्ते जाऊन उरतो तो पगार शिक्षक भावाच्या पगारापेक्षा फार मोठा नाही, आणि ही स्थिती अजून सहा वर्षे आहे. तो नाराज झाला तरी चटकन नोकरी सोडू शकत नाही. सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, असा २०१७ पासून डीजीसीएचा नियम आहे. उद्या कानात दोष निघाला, रक्तदाब वाढला, तर क्लास वन मेडिकल जाते आणि त्यासोबत धंदा जातो. कर्ज जात नाही.

इथपर्यंतचा हिशोब आम्ही येणाऱ्या पालकांना सांगत होतोच. जो सांगत नव्हतो तो आता सांगतो.

२०१७ साली आमच्या बहिणीला पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. गुण धाकट्यापेक्षा जास्त. फी थोडी, खर्च राहण्याखाण्याचा, वर्षाला ऐंशी-नव्वद हजार. ३८ लाखांपुढे काय आहे ते? पण त्या ओसरीवरच्या बैठकीत ऐंशी हजारांना जागा उरली नाही. कुणी 'नको' म्हटले नाही. "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू" असे आमच्यापैकीच एकाने म्हटले आणि ती मान हलवून चहा करायला उठली. मग ती तालुक्याच्या एका खाजगी शाळेत आठ हजारांवर लागली. त्यातले पाच हजार महिन्याला धाकट्याच्या मेसला जायचे. पुढचे वर्ष आले नाही.

आमचे घर आंबेडकरी. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी माता रमाई. दर ७ फेब्रुवारीला आमच्यातला एक जण रमाईच्या त्यागावर भाषण करतो आणि लोक डोळे पुसतात. बाबासाहेबांचे अपुरे शिक्षण कसे पुरे झाले ते आम्ही सांगतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीला बडोद्याच्या नोकरीची अट होती. १९१७ ला परतल्यावर त्या शहरात डोके टेकायला जागा मिळाली नाही. सिडनहॅममध्ये साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठले. हे सगळे बरोबर आहे. पण त्या हिशोबात मुंबईच्या खोलीत उपाशीतापाशी संसार ओढणारी बाई हा एक मोठा आकडा होता, आणि आपण त्या आकड्याला 'त्याग' म्हणून वंदन करून मोकळे होतो. बाबासाहेबांनी तो आकडा लपवला नाही, १९४० साली आपले एक पुस्तक त्यांनी रमाईलाच अर्पण केले. आणि आम्ही? शंभर वर्षांनी आमच्या घरात आम्ही आणखी एक रमाई तयार केली आणि फ्लेक्सवर तिचे नावही टाकले नाही. मनुवादाला शिव्या देणे सोपे आहे. त्या ओसरीवर तेव्हा कोणता मनुवादी बसला होता? आम्हीच होतो.

हे तिने आम्हाला सुनावले नाही. फ्लेक्स लागला त्या रात्री तिने एक जुनी वही आणून धाकट्यापुढे ठेवली. मेसचे पैसे, परीक्षा फी, एकदा बूट, एकदा मुंबईला मुलाखतीला जायचे गाडीभाडे. तारखेसह. एकूण २ लाख ८३ हजार. "मागत नाही," म्हणाली, "फक्त बेरीज तपासून घे." धाकटा बराच वेळ ती पाने उलटत राहिला.

मग आम्ही पालकांना 'करू नका' म्हणतो का? नाही. आपल्या पोरांनी तलाठी आणि शिपायाच्या भरतीवरच समाधान मानावे असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण कायम आहे. सत्तरऐंशी लाखांच्या दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावणाऱ्या व्यवस्थेशी तर आहेच. राज्याच्या शिष्यवृत्तीत वैमानिक परवाना आला पाहिजे आणि वर्ग २ च्या जमिनीवर शैक्षणिक कर्जासाठी सरकारने हमी दिली पाहिजे, या मागण्यांचे निवेदन आम्ही दिले आहे, पुन्हा देणार आहोत. तोवर येणाऱ्याला एवढे सांगतो: फीचा एक रुपया भरायच्या आधी मुलाची क्लास टू आणि क्लास वन मेडिकल करा. डीजीसीएचे पेपर घरी अभ्यास करून आधी काढा, त्यातून पोराचे पाणी कळते. मुक्त विद्यापीठाची का होईना पदवी सोबत चालू ठेवा. संस्थेत विमाने किती आणि मुले किती हे डोळ्यांनी मोजून या, आणि सगळी फी एकदम कुणालाही देऊ नका. परवान्यानंतरची दोन वर्षे बिनपगारी धरूनच कागदावर आकडा लिहा.

आणि त्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, कुणाचे काय थांबणार ते त्याच्यासमोर लिहा, आणि ज्याचे थांबणार आहे त्याला आधी बोलू द्या.

बहिणीने यंदा पुण्याला पुन्हा अर्ज केला आहे. वय ३०. फी आणि खोलीचे भाडे धाकटा भरणार आहे, त्यासाठी त्याने पतसंस्थेला हप्ता कमी करून मागितला.

येत्या रविवारी पाटबंधारे खात्यातले एक काका मुलाला घेऊन येणार आहेत. फोनवर बोलताना समजले की मुलापेक्षा मोठी मुलगी आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. त्यांना निरोप दिला आहे, तिलाही घेऊन या.